नकाशाकक्षात आलेले पायलटकाका

आमच्या जुन्या नकाशांच्या विभागात बहुतेक लोक जमिनीच्या भांडणापायी येतात. त्या दुपारी आलेले काका वेगळेच. बंदरात जहाजं आत-बाहेर काढणारे निवृत्त पायलट, मूळचे कारवारचे. त्यांना टॉलेमी या प्राचीन ग्रीक विद्वानाच्या ‘भूगोल’ ग्रंथावरून युरोपात पुढे काढलेला नकाशा बघायचा होता. मलायाच्या जागेवर ‘ऑरिया केर्सोनेसस’ असं छापलेलं.

“हे काय प्रकरण, बाई?”

इंग्रजीत ‘केर्सोनेसस’ हा शब्द ‘कर्सनीज’ होऊन उरलाय. अर्थ द्वीपकल्प, पण बोलताना कुणी वापरत नाही. प्राचीन भूगोलाच्या पुस्तकांत मात्र हमखास भेटतो. क्रिमिया टॉरिक कर्सनीज, गॅलिपोली थ्रेसियन, जटलंड सिंब्रिक आणि मलाया सोनेरी. मूळ ग्रीकमध्ये म्हणजे ‘कोरडं बेट’.

काकांचं लक्ष भारताकडे. टॉलेमीचा भारत खाली निमुळता होतच नाही, आणि श्रीलंका अवाढव्य! “म्हणजे मलाया द्वीपकल्प, आणि आपण नाही?” ते खो खो हसले.

मग मी ‘पेरिप्लस’चं भाषांतर काढलं. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांची ती मार्गदर्शिका. तिच्यात आपल्याच किनाऱ्यावर एक केर्सोनेसस आहे. सेमुल्ला, म्हणजे चौल, मागे टाकून दक्षिणेला निघालं की बंदरांची नावं येतात, मग काही बेटं, त्यांच्यासमोर केर्सोनेसस, इथे चाचे असतात अशी सूचना, आणि पुढे ‘पांढरं बेट’. बरेच अभ्यासक हे ठिकाण कारवारशी जुळवतात.

काकांनी सागरी चार्ट मागवला आणि बोट ठेवत खाली आले: वेंगुर्ल्याचे खडक, अंजदीव बेट, कारवारचं टोक, नेत्राणी बेट. मी ती ओळ कितीदा वाचली असेल, पण एकामागून एक ठिकाणं डोळ्यांसमोरून जाताना पहिल्यांदाच दिसली.

“दुरून येताना असलं टोक बेटच वाटतं,” ते म्हणाले. “डोंगर आधी दिसतो. मागची सखल पुळण क्षितिजाखाली असते. जवळ गेल्यावर कळतं, अरे, हे तर जमिनीला चिकटलेलं!”

कोशात ‘कोरडं’ आणि ‘बेट’ एवढीच फोड मिळते. हे नाव जहाजावरून बघणाऱ्याने ठेवलं असावं, हे काकांमुळे पटलं. जागांची ओळख अर्थात शेवटी अंदाजाचीच. ते मात्र ऐकेनात. “आमचंच कारवार ते,” म्हणत त्यांनी दोन्ही पानांच्या झेरॉक्स मागितल्या, आणि चार्टवर पेन्सिलीने खूण करायला निघाले, तेव्हा मला त्यांचा हात धरावा लागला.