'डॉग'ची छाननी: दातांचा ढीग सर्वात मोठा निघाला

इंग्रजी 'डॉग' या शब्दाचे वेगवेगळे अर्थ कार्डांवर उतरवून त्यांचे ढीग लावायचं काम निम्म्याच्या पुढे सरकलंय, म्हणून ही कच्ची नोंद. कोशातल्या क्रमांकांप्रमाणे कार्डं लावणं मी सोडून दिलं आहे. कोश आधी प्राणी देतो, मग शिवी, मग अवजारं. पण एका अर्थातून दुसरा कसा फुटला ते त्या क्रमातून कळत नाही. आता प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न विचारतो: इथे कुत्र्याचं नेमकं काय उचललं आहे? दात, पाठलाग, राखण, की माणसांनी त्याला दिलेली हलकी पायरी? बहुतेक कार्डं या चार ढिगांत बसली. जी बसली नाहीत ती वेगळ्या पाकिटात टाकली आहेत.

मुळाचं कार्ड छोटंच राहिलं. जुन्या इंग्रजीत कुत्र्यासाठी नेहमीचा शब्द 'हुंड'. जर्मनमध्ये त्याचाच भाऊबंद 'हुंट' आजही रोजचा शब्द आहे. 'डॉग'चं जुनं रूप त्या काळच्या लिखाणात अगदीच तुरळक आढळतं आणि त्याचा उगम कुणालाच लागलेला नाही. 'फ्रॉग', 'पिग', 'स्टॅग' हे त्याच घाटाचे शब्द. पुढे 'डॉग'ने सगळी जागा बळकावली आणि 'हाउंड' शिकारी कुत्र्यापुरता उरला. गंमत म्हणजे जर्मन आणि फ्रेंच या दोघींनी 'डॉग' इंग्रजीकडून उसना घेतला तो थोराड, जबड्याने धरून ठेवणाऱ्या जातींसाठी. त्यावरून मला वाटतं की इंग्रजीतही या शब्दाला आधीपासून दांडगाईचा वास असावा. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.

आता दातांचा ढीग. यातच मी सर्वात जास्त रमलो. 15व्या शतकापासून इंग्रजीत 'डॉग' म्हणजे घट्ट धरणारं किंवा अडवणारं लोखंड. ओंडका जागचा हलू नये म्हणून ठोकायची, दोन्ही टोकं वळवलेली आकडी म्हणजे डॉग. दातेरी चाक उलटं फिरू न देणारी खिट्टी, तीही डॉग. लेथवर कामाचा तुकडा आवळून त्याला फिरत्या तबकडीबरोबर घेऊन जाणारा डॉग असतो, सुताराच्या बाकावर भोकात बसवायची आणि फळीला टेकू देणारी खुंटी 'बेंच डॉग' असते. जहाजाचं पाणबंद दार बंद केल्यावर ज्या खिट्ट्या फिरवून ते आवळतात, त्यांनाही खलाशी डॉगच म्हणतात आणि त्या कामाला क्रियापदही तेच वापरतात. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये शेजारच्या गिअरच्या खाचेत शिरणारे दात आहेत, तेही डॉग. ते झिजले की गिअर आपोआप सटकतो. मेकॅनिक हा शब्द दिवसभर वापरतो आणि त्याच्या मनात कुत्रा येत नाही. माझ्या मते अर्थ पुरता मुरल्याची खूण हीच.

याच ढिगात बंदूक आली आणि कार्डं फुगली. चाक फिरवून ठिणगी पाडणाऱ्या जुन्या बंदुकीत ठिणगीचा दगड चिमटीत धरणाऱ्या भागाला 'डॉगहेड' म्हणत. 17व्या शतकातल्या एका प्रकारात ठोका, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणारा भाग, अर्ध्यावर अडकवून ठेवणारी खिट्टी होती, म्हणून ती आख्खी बंदूकच 'डॉगलॉक'. फ्रेंचमध्ये ठोक्याला सरळ 'कुत्रा' म्हणतात, स्पॅनिशमध्ये चापाला 'मांजरू', इंग्रजीत ठोक्याला 'कोंबडा', आणि आपल्याकडे घोडा! एका बंदुकीत एवढी जनावरं कोंबल्यावर गोळीला जागा उरते हेच नवल. शेकोटीत ओंडके उचलून धरणारे लोखंडी पाय इंग्रजीत 'फायरडॉग', फ्रेंचमध्येही त्यांचं नाव कुत्र्यावरूनच. त्यांना मी दातांत न ठेवता आकाराच्या कोपऱ्यात ठेवलं आहे, कारण ते पकडत नाहीत, पायांवर नुसते उभे असतात.

पाठलागाचा ढीग लहान. एखाद्याच्या मागे लागणं या अर्थी 'डॉग' हे क्रियापद 16व्या शतकापासून आहे. 'डॉगेड', म्हणजे चिवट, हाही इथलाच वाटतो. पण त्याचा जुना अर्थ वाईट वृत्तीचा, खुनशी असा होता. त्यामुळे ते कार्ड दोन ढिगांमध्ये हेलपाटे घालतंय. राखणीत 'वॉचडॉग' आला. त्याचं ताजं पिल्लू म्हणजे मायक्रोकंट्रोलरमधला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपमधला, 'वॉचडॉग टायमर'. प्रोग्रॅमने ठरल्या वेळेत त्याला हाक दिली नाही, तर काहीतरी अडकलंय असं समजून तो यंत्रणा पुन्हा सुरू करतो.

हलक्या पायरीचा ढीग वाढवावा तेवढा वाढेल, म्हणून आवरता घेतला. मोडकी लॅटिन ती 'डॉग लॅटिन', वास नसलेलं व्हायोलेटचं फूल ते 'डॉग व्हायोलेट'. बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीच्या, धंदे तोलण्याच्या 1970च्या चौकटीत बाजारातला वाटा कमी आणि वाढही कमी अशा धंद्याला 'डॉग' म्हणतात. मात्र 'डॉग रोझ' इथे टाकू नका. ते नाव लॅटिनवरून, आणि लॅटिन नाव ग्रीकवरून आलेलं आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर या गुलाबाचं मूळ गुणकारी, अशी त्यामागची प्राचीन समजूत रोमन लेखक प्लिनीने नोंदवली आहे.

'डॉग डेज', म्हणजे ऐन उन्हाळ्याचे दिवस, हे कार्ड कुत्र्याचं नाहीच, ताऱ्याचं आहे. उकाड्याने कुत्री धापा टाकतात म्हणून हे नाव पडलं, असं सर्रास सांगितलं जातं. ते सोडून द्या. रोमन लोक उन्हाळ्यातल्या ज्या दिवसांना हे नाव देत, ते दिवस सिरियस पहाटे सूर्याआधी पुन्हा दिसू लागण्याच्या सुमाराचे. तो बृहल्लुब्धकातला, म्हणजे मोठ्या कुत्र्याच्या नक्षत्रातला तारा. रात्रीच्या आकाशातला सर्वात तेजस्वी तारा सूर्याच्या जोडीने तापवतो, असा त्यांचा समज होता. आपण त्याच ताऱ्याला व्याध म्हणतो: तिकडे शिकारीचा कुत्रा, इकडे थेट शिकारीच.

पाकिटातल्या वादग्रस्त कार्डांपैकी दोन निकालात काढली. 'टॉप डॉग' (वरचढ) आणि 'अंडरडॉग' (दुबळी बाजू) हे खड्ड्यावर ओंडके चिरणाऱ्या वरच्या-खालच्या करवतकऱ्यांवरून आले, कारण ओंडका धरायला लोखंडी डॉग असत, अशी एक गोष्ट फिरते. माझ्या आवडत्या ढिगात बसणारी म्हणून ती खरी निघावी असं फार वाटत होतं. पण 19व्या शतकातले सुरुवातीचे वापर सरळ कुत्र्यांच्या झुंजीबद्दल बोलतात. कार्ड झुंजीकडे गेलं. पावात घातलेल्या सॉसेजच्या 'हॉट डॉग' या नावाची व्यंगचित्रकाराची कथाही बाद: त्याला म्हणे जर्मन कुत्र्याच्या जातीचं स्पेलिंग येईना, म्हणून त्याने नुसतं डॉग लिहिलं. ते व्यंगचित्र आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि सॉसेजसाठी 'डॉग' हा टवाळीचा शब्द त्याच्या आधीपासून रूढ होता. आत कसलं मांस आहे, याच्या शंकेवरूनच.

पाकिटात उरलं आहे ते 'डॉग वॉच'. जहाजावर पहारे चार-चार तासांचे. फक्त दुपारी 4 ते रात्री 8 हा पहारा दोन-दोन तासांत तोडतात. त्यामुळे दिवसाचे सहाऐवजी सात पहारे होतात आणि त्याच माणसांवर रोज तीच वेळ येत नाही. रचना स्वच्छ कळते, नाव मात्र कुठल्याच ढिगात जात नाही. 'डॉज', म्हणजे चुकवणं, यावरून ते बिघडून आलं असं काही जण सांगतात, पण मला ते ओढूनताणून वाटतं. तुमच्यापैकी कुणी हे कार्ड आपल्या संग्रहात कुठे बसवलं असेल, तर ढिगाचं नाव आणि कारण कळवा. तोवर मी 'डॉगफिश'पासून पुढच्या माशांना आणि झाडांना हात घालतो.