आधी थांबती का ते सांग

मी अमेरिकेला निघालो तेव्हा अण्णांनी त्यांचा ओळंबा माझ्या बॅगेत ठेवला. दोरीला टांगून सरळ उभी रेषा बघायचा; पितळेचा, अंगठ्याएवढा, टोकाला पोलादी खिळा बसवलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते पस्तीस वर्षं टर्नर होते आणि हा ओळंबा त्यांनी स्वतः लेथवर काढलेला. पुढे अकरा वर्षांनी, मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात, १९३१ च्या फोर्डची चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सरळ आहे की नाही हे मला त्याच ओळंब्याने सांगितलं.

गाडी मॉडेल ए, दोन दारांची कूपे. ओहायोत एका शेतावरच्या कोठारात पडून होती. बॉडी बरी, खालचे पत्रे गंजलेले, इंजिन जाम. मूळचं इंजिन चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं. अशी गाडी जशीच्या तशी उभी करणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. मला मात्र हॉट रॉड करायची होती. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घ्यायची, मडगार्ड काढून वजन उतरवायची, इंजिनाची ताकद वाढवायची आणि म्यूरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेग लावून बघायची. कारखान्यातून आलेलं यंत्र आपल्या हाताने, आपल्या मापाने पुन्हा घडवायचं, हे उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला परकं वाटत नाही. मी लहानपणापासून तेच बघत आलोय.

बॉडी उचलायला मंडळातले चार मित्र आले. ती बाजूला ठेवून चासीची डावी पट्टी वायर ब्रशने घासली, तेव्हा नंबर दिसला. दोन्ही टोकांना चांदणी, मधे ‘ए’ आणि आकडे. कागदावरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवला. बाजारात नवी चासी मिळते, तिच्यावर कामही सोपं होतं; पण हा नंबर ज्या लोखंडावर ठोकलाय ते भंगारात घालायला मन धजेना.

या चासीच्या पट्ट्या पन्हळीसारख्या असतात, तीन बाजू बंद आणि एक उघडी. ४० हॉर्सपॉवरला तेवढं पुरत होतं. मी बसवणार होतो ते शेवरलेचं ३५० क्युबिक इंचांचं व्ही-८, म्हणजे ५.७ लिटर. त्याच्या पिळाने ही पन्हळ मुरगळली असती. म्हणून उघड्या बाजूला दीड सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पट्टी लावून ती वेल्डिंगने बंद करायची.

पहिल्याच रविवारी मी उजव्या पट्टीवर एका दमात फूटभर वेल्डिंग ओढलं. शिवण देखणी आली होती. लोखंड गार झाल्यावर कर्ण मोजले तर दोन सुतांचा फरक. तापलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि आकसताना सगळी पट्टी आपल्याकडे ओढून घेतं, हे कॉलेजात शिकलो होतो. हाताला ते त्या दिवशी कळलं. ग्राइंडरने ती शिवण कापून पट्टी मोकळी करण्यात पुढचे दोन शनिवार-रविवार गेले.

दुसऱ्या वेळी चासी आडव्या गर्डरांना पक्की बांधली. एक इंच इथे, मग दोन फूट सोडून एक इंच तिथे, मग पलीकडच्या पट्टीवर. हात टेकवता येईपर्यंत त्या जागेकडे परत जायचं नाही. दर चार-पाच टाक्यांनंतर स्प्रिंगच्या भोकांतून ओळंबा खाली सोडायचा, टोक जिथे येईल तिथे फरशीवर खडूची फुली मारायची, फुल्यांमधले कर्ण मोजायचे. आमच्या गावचा गवंडी घराचा पाया आखताना काटकोन असाच तपासतो. अण्णा व्हिडिओ कॉलवर बघत होते. म्हणाले, “वळंबा हलतोय अजून. गप उभा ऱ्हाऊ दे त्याला.” हलत होता तो हीटरच्या हवेने. बाहेर उणे दहा तापमान होतं, तरी हीटर बंद केला आणि दोरी स्थिर होईपर्यंत थांबलो. त्या हिवाळ्यात मापं घेताना दर वेळी तसंच केलं. शेवटी कर्णांतला फरक अर्ध्या सुताच्या आत आला.

पेट्रोलची मूळ टाकी या गाडीत काचेच्या पुढे, थेट आपल्या गुडघ्यांच्या वर असते. पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरला जातं, पंप लागत नाही. ती टाकी मी रिकामीच ठेवली, कारण तिची वरची बाजू म्हणजेच बॉनेटमागचा पत्रा आहे, आणि नवी टाकी मागे डिकीत बसवली. पेट्रोलची जुनी टाकी रिकामी असली तरी आत वाफ राहते. तिच्या आसपास ठिणगीचं कोणतंही काम केलं नाही, आणि दुसऱ्या कुणीही करू नये.

इंजिनाचं बोअरिंग बाहेरून करून आणलं, जोडणी घरी केली. हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत आवळत ६५ फूट-पाऊंडांवर नेले. कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, जुन्या पद्धतीचा, सपाट टॅपेटचा. असं इंजिन चालू झाल्या झाल्या वीस मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं ठेवावं लागतं. आयडलवर सोडलं तर कॅमवर पुरेसं तेल उडत नाही आणि त्याचे नवे लोब, म्हणजे उंचवटे, झिजून जातात. म्हणून आधी डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून लांब दांडा घातला आणि ड्रिलने ऑइल पंप फिरवला. आधी ड्रिल हलकं फिरत होतं, मग एकदम जड झालं, हाताला ओढ बसली, गेजचा काटा वर चढला. मिनिटाभराने इंजिनाच्या माथ्यावर, झडपा दाबणाऱ्या रॉकरांपैकी पहिल्याच्या टोकाशी तेलाचा थेंब फुगला, मग शेजारच्या, मग पलीकडच्या. सोळाही रॉकर ओले होईपर्यंत क्रँक हाताने थोडा थोडा वळवत राहिलो. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडलेला क्षण तो.

दुसऱ्या दिवशी इंजिन लागलं. बायको तापमानाच्या गेजवर नजर ठेवून होती, मुलगी आग विझवायचा सिलिंडर घेऊन दाराशी उभी. वीस मिनिटं झाली, कुठे गळती नाही. मी व्हिडिओ अण्णांना पाठवला. उत्तर आलं, “आवाज झ्याक हाय. आधी थांबती का ते सांग.”

आणि गाडी नीट थांबत नव्हती. मॉडेल एचे मूळ ब्रेक लोखंडी दांड्यांनी ओढले जातात, तेलाने नाही. ते काढून मी पुढे डिस्क आणि मागे ड्रम बसवले होते. दीड सुती नळ्या स्वतः वाकवल्या, तोंडं दुहेरी दुमडली, एक थेंबही गळत नव्हता. तरी पहिल्यांदा पाय दिला की पेडल अर्ध्यावर जायचं आणि दुसऱ्यांदा दाबलं की कडक लागायचं. म्हणजे नळ्यांत हवा असणार, असं धरून चाललो. ती काढायला सहा वेळा ब्लीडिंग केलं. पेडल दाबलं की नळ्यांत तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर बदलला. ऑगस्टमधला तिसरा शनिवार जवळ आला होता. १९९५ पासून त्या दिवशी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक निघते, आणि इंजिन तयार असताना जाऊन येण्याचा मोह फार झाला. बायको म्हणाली, “दोनदा दाबायला रस्त्यावर वेळ कुठे असतो?” गेलो नाही.

त्या शनिवारी दुपारी अण्णांना फोनवर गाडीखालचं सगळं दाखवलं. जागा नाही म्हणून मास्टर सिलिंडर पायाखाली, चासीला लावलेला. अण्णांनी कॅमेरा चाकाकडे न्यायला लावला, परत सिलिंडरकडे आणायला लावला. “टाकी खाली अन् नळ वर. पाणी कुठं ऱ्हाईल?”

खरंच होतं ते. नेहमीच्या गाडीत मास्टर सिलिंडर बॉनेटखाली, चाकाशी डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपेक्षा उंचावर असतो. इथे तो खाली होता, त्यामुळे पाय काढला की तेल हळूहळू त्याच्याकडे उतरायचं आणि पॅड डिस्कपासून मागे सरायचे. पहिल्या दाबातलं तेल ती फट भरण्यातच संपायचं. यावर उपाय म्हणून छोट्या झडपा मिळतात, ज्या नळीत थोडा दाब अडवून धरतात. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयची, ड्रमच्या लाइनला १० ची. दोन्ही बसवल्या, पुन्हा ब्लीडिंग केलं आणि गाडी रात्रभर तशीच ठेवली.

सकाळी पाय दिला. पेडल वरच कडक लागलं. गाडी गल्लीच्या टोकाला स्टॉप साइनपर्यंत नेली, वीस मैलांच्या वेगात, एकच पाय. चारही चाकं सरळ रेषेत थांबली, पांढऱ्या पट्टीच्या हातभर अलीकडे. घरी येऊन अण्णांना व्हिडिओ कॉल लावला, फोन पायापाशी धरला आणि पेडल दाबून दाखवलं.

ते थोडा वेळ बघत राहिले.

“सोड. आता पाच मिनिटं थांब अन् परत एकदाच दाब.”

आम्ही दोघंही पाच मिनिटं काही न बोलता थांबलो. मग मी दाबलं.