एडिसन ते नायगारा, भर थंडीत, मिनीव्हॅनने

आई-बाबा नाशिकहून डिसेंबरात आले की नायगाराचा विषय निघतोच. धबधब्याजवळ नेणाऱ्या ‘मेड ऑफ द मिस्ट’च्या बोटी हिवाळ्यात बंद असतात, हे घरातच सांगून टाका, म्हणजे तिथे रुसवेफुगवे नकोत. धबधबा मात्र चालूच असतो. तुषार गोठून कठडे आणि झाडं पांढरी झालेली असतात, आणि मला उन्हाळ्यातल्या रांगांपेक्षा हेच आवडतं. खरा प्रश्न आहे न्यू जर्सीतल्या एडिसनहून तिथवरच्या सुमारे ४०० मैलांचा, तोही तिन्ही रांगा भरलेल्या गाडीतून.

आमची व्हॅन साधी, पुढच्या चाकांवर चालणारी. ‘बर्फात जाताय तर ऑल-व्हील ड्राइव्हच हवी’ असं ओळखीत दोघातिघांनी ऐकवलं. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते लवकर, हे खरं. पण थांबवण्यात तिचा काही उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात आणि थांबणं ठरतं टायरच्या पकडीवर. त्यामुळे पैसे घालायचे तर विंटर टायरमध्ये घाला. तापमान ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं. घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण बघा, आणि चारही बदला. पुढचेच दोन बदलले तर वळणावर गाडीची मागची बाजू सरकते. हवाही तपासा: पारा १० अंशांनी उतरला की टायरमधला दाब साधारण १ पीएसआयने (हवेच्या दाबाचं माप) कमी होतो.

निघताना सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे टपावरचा बर्फ काढणं. व्हॅन उंच, छोटा ब्रश मधोमध पोचत नाही. लांब दांड्याचाच घ्या. न्यू जर्सीत टप साफ न करता निघालात तर दंड होतो. दंडाचं जाऊ द्या, पहिल्याच सिग्नलला ब्रेक दाबल्यावर ती लादी घसरून तुमच्याच काचेवर येते. हायवेवर उडाली तर मागच्याच्या. हात फिरलाच आहे तर हेडलाइट, कॅमेरे आणि पुढचा रडारही पुसा. एलईडी दिव्यांच्या काचा फारशा तापत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही.

सरकती दारं हे व्हॅनचं खास दुखणं. रबराच्या पट्टीत पाणी गोठलं की दार चिकटतं. बटण पुन्हा पुन्हा दाबून मोटरीला छळू नका. तळहाताने दार कडेकडेने आत दाबा, बर्फाची कड तडकते. आदल्या संध्याकाळी रबरावर सिलिकॉन स्प्रे मारला तर ही वेळच येत नाही.

सामान मागच्या खोल खड्ड्यात, जड वस्तू तळाला. सीटच्या पाठीच्या वर काहीही रचू नका. आईने हौसेने घेतलेला कुकर जोरात ब्रेक लागल्यावर तिसऱ्या रांगेतल्यांच्या मानेवर यायला नको. मुलांना फुगीर जॅकेटसकट कार सीटमध्ये बांधू नका. धक्क्यात जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टा आवळा, मग तेच वरून पांघरा.

रूट २८७ वरून ८०, डेलावेअर वॉटर गॅप ओलांडून पोकोनोजचे चढ, मग ३८० ने स्क्रँटन आणि तिथून ८१. पेनसिल्वेनियात पेट्रोल स्वतः भरावं लागतं, हे जर्सीकरांना त्या वाऱ्यात उभं राहिल्यावरच आठवतं. हातमोजे वर ठेवा. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका. पूल रस्त्याच्या आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. पुलावर ना ब्रेक, ना लेन बदलणं. वेग आपोआप कायम ठेवणारं क्रूझ कंट्रोल बंद. उतारावर लो गिअर, कसारा घाट उतरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागलं की पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय काढू नका, दाबूनच धरा.

८१ वरच्या बिंगहॅम्टनला मुक्काम करा, हा माझा आग्रह. खरा बर्फ पुढे आहे. थंड वारा ओंटारिओ आणि ईरी या सरोवरांच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येतो, वाफ उचलतो आणि काठावर अरुंद पट्ट्यांत बर्फ ओततो. एका मैलावर लख्ख ऊन, पुढच्यावर समोरची गाडी दिसत नाही. सिरॅक्यूजला हंगामात सरासरी शंभर इंचांहून जास्त बर्फ पडतो. ईरी उथळ असल्याने बऱ्याचदा फेब्रुवारीपर्यंत गोठतं आणि बफेलोकडचा मारा कमी होतो. खोल ओंटारिओ सहसा गोठत नाही. तारीख हातात असेल तर डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीअखेर बरी.

सिरॅक्यूजला ८१ सोडून ९० धरायचा. त्यावर दिवे ‘ऑटो’वर सोडू नका. दिवसा नुसते पुढचे दिवे लागतात, मागचे लाल अनेक गाड्यांत बंदच राहतात. बर्फ ढकलणाऱ्या प्लाउच्या मागे निमूट राहा, त्याच्यामागचा रस्ताच सगळ्यात चांगला असतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये याच रस्त्यावर बफेलोजवळ गाड्या अडकून पडल्या होत्या, आणि डिसेंबर २०२२ च्या वादळात बफेलोत काही जण गाडीतच दगावले. म्हणून गोधड्या, पाणी, फावडं, टॉर्च आणि दशम्या-चटणीचा डबा मागच्या सामानात नव्हे, हाताशी ठेवा. अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. आधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर आत येतो. मग तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, खिडकी बोटभर उघडी ठेवून.

परतीच्या सकाळी ५११ या रस्त्यांच्या स्थितीच्या सेवेची माहिती बघूनच चेक-आउट करा. बुकिंग रद्द किंवा वाढवता येईल असंच घ्या. नायगाराला हिवाळ्यात खोल्या स्वस्त असतात, एक रात्र जास्त परवडते.