लवार्दची कोळसा खाण बघायला जाताना

उत्तर फ्रान्समधलं लवार्द हे शेतांनी वेढलेलं छोटंसं गाव. तिथल्या देल्वा खाणीतून 1931 ते 1971 पर्यंत कोळसा निघाला आणि 1984 पासून तिथे संग्रहालय आहे. पॅरिसच्या गार द्यु नोर स्थानकाहून दुए शहराला थेट रेल्वेगाडीने तासाभराहून थोडं जास्त लागतं. पुढे आठेक किलोमीटर. रविवारी गावाकडच्या बस कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

बहुतेक जण आधी बोगद्यांकडे धावतात. हे सुमारे 450 मीटर बोगदे जमिनीवरच नव्याने उभारलेले आहेत. खाण बंद झाली की पंप थांबतात, खाली पाणी भरतं, म्हणून खरे बोगदे राखता येत नाहीत. तरी टेकू नीट बघा. लाकडी टेकू मोडण्याआधी करकरतो आणि माणसाला पळायला अवधी मिळतो. त्यामुळे खाणकामगारांचा लोखंडापेक्षा लाकडावर भरवसा असे. इथले थर कित्येकदा मीटरभरही जाड नसत, मग कुशीवर पडून कोळसा फोडायचा.

वेळ खरा द्यावा तो कपडे बदलण्याच्या दालनाला आणि दिवाघराला. ही मूळ जागा आहे. दालनात कपडे आकड्याला अडकवून साखळीने छतापर्यंत ओढत आणि साखळीला कुलूप लावत. वरच्या उबेत ओले कपडे सुकत, खाली वावरायला जागा राहत असे.

दिवाघरात प्रत्येकाचा क्रमांक कोरलेला बिल्ला असे, तो देऊन त्याच क्रमांकाचा दिवा मिळे. पाळी संपल्यावर ज्या क्रमांकाचा दिवा परत आला नाही, तो माणूस अजून खाली आहे हे लगेच कळे. दिवा धोकाही सांगे: वात बारीक केली आणि ज्योतीवर निळसर टोपी दिसली, की हवेत मिथेन आहे. कोळशाच्या धुळीचा धोका मात्र त्यात दिसत नसे. 10 मार्च 1906 ला याच पट्ट्यातल्या कुरिएरच्या खाणीत धुळीचा स्फोट होऊन 1,099 माणसं गेली. त्यानंतर फळ्यांवर दगडाची भुकटी रचून त्या बोगद्यात आडव्या टांगू लागले. स्फोटाच्या धक्क्याने भुकटी उधळते आणि मागून येणारी आग तिथेच अडते.

दुपार उरली तर खाणीतून काढलेल्या दगडमातीच्या जवळच्या एखाद्या टेकाडावर चढा. काळ्या टेकाडात मध्येच लाल पट्टे दिसतात. उरलेला कोळसा आतल्या आत पेटून दगड भाजला, त्याचा तो रंग. उतार भुसभुशीत असतो, चपला नकोत, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. गाडी असेल तर वान्यीही गाठा: या पट्ट्यातला शेवटचा कोळसा तिथूनच 21 डिसेंबर 1990 ला वर आला.