अबोलीची फांदी : आमची वाटचाल

न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये आज चार टाक्या आहेत, सगळं मिळून साधारण ६०० गॅलन पाणी. त्यातला प्रत्येक अ‍ॅक्रोपोरा, म्हणजे फांद्यांचा दगडी प्रवाळ, आम्ही स्वतः कापून, चिकटवून, वाढवून मोठा केलेला आहे. हे आधीच सांगतो, कारण प्रवाळ वाढवून विकायच्या या धंद्यात दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर खपवणारेही आहेत. त्यातल्या एकाबद्दल पुढे लिहायचंच आहे.

सुरुवात २००९ ची. मंदीत माझी आयटीतली नोकरी गेली. घरात ७५ गॅलनची हौसेची टाकी होती आणि तिच्यात मॉन्टिपोरा जातीचा प्रवाळ असा माजला होता की महिन्या-दोन महिन्यांनी तोडून फेकावा लागे. बायको म्हणाली, "फेकतोस कशाला? याचे लोक पैसे देतील." पहिले सहा फ्रॅग, म्हणजे कापलेले छोटे तुकडे, तिनेच चिकटवले. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. आजही नाजूक फांदी कापायची असली की कटर तिच्याच हातात जातो.

हत्यारं मोजकीच, पण चांगली घ्या. अ‍ॅक्रोपोराला शस्त्रक्रियेचा बोन कटर, स्टेनलेस स्टीलचा, दुहेरी सांध्याचा. आमचा पहिला कटर अजून चालतोय, दर वापरानंतर गोड्या पाण्यात धुऊन तेलाचा हात फिरवतो म्हणून. पसरट आणि मेंदूसारख्या जातींना हिऱ्याच्या कणांचं पातं असलेली, पाणी सोडत चालणारी बँडसॉ. टॉर्च किंवा हॅमर जातीचा प्रवाळ कापताना मांसाच्या खाली दोन इंच तरी सांगाडा ठेवावा, अगदी लगत कापलं तर अख्खं डोकं जातं. चिकटवायला जेलवाला सुपरग्लू. पातळ ग्लू पाण्यात पसरतो आणि फ्रॅग बसवायच्या प्लगपेक्षा बोटांनाच जास्त चिकटतो. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) खारटपणाच्या द्रावणावरच जुळवून घ्या. आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून खारटपणाही बरोबर दाखवेल असं धरून कित्येकांनी टाक्या बिघडवल्यात.

आणि चुना, सांगाड्याला लागणाऱ्या कॅल्शियमसाठी. इथले लोक त्याला काल्कवासर म्हणतात. मालवणला माझी आजी शिंपल्यांच्या भाजलेल्या चुन्याची निवळी करायची, तेच हे. गॅलनला दोन चमचे चुना, ढवळून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी रात्रभर थेंबथेंब सोडायचं. रात्री अशासाठी की तेव्हा टाकीचा पीएच उतरलेला असतो. झाकण घट्ट लावा, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते. ती साय म्हणजे वाया गेलेलं कॅल्शियम. सुरुवातीची तीन वर्षं आमचा सगळा धंदा या निवळीवर चालला. ठरलेली मात्रा आपोआप सोडणारे डोसिंग पंप फार नंतर आले.

आता खाण्याबद्दल. "आमचे दिवे चांगले आहेत, खाऊ घालायची गरज नाही," असं सांगणारे रोज भेटतात. प्रवाळाच्या अंगातली शैवालं उजेडावर साखर करून देतात हे खरं, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस कुठून आणणार? आमचा नेम असा. दिवे गेल्यावर तासाभराने थोडं मायसिसचं, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जीवांचं, पाणी सोडायचं. त्या वासावर पंधरा मिनिटांत पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे तोंडवाले छोटे जीव, सोंडा बाहेर काढतात. मग टाकीत पाणी फिरवणारा रिटर्न पंप बंद करायचा आणि टर्की बेस्टरने, म्हणजे मोठ्या ड्रॉपरसारख्या नळीने, घास द्यायचा. ब्लास्टो प्रवाळाला मायसिस, डंकन प्रवाळाला थोडा मोठा तुकडा, अ‍ॅक्रोपोराला रोटिफर किंवा नुकतंच अंड्यातून फुटलेलं आर्टेमिया, दोन्ही बारीक जलजीव. आर्टेमिया उबवल्यावर लगेच वापरा. काही तासांत ते आपल्याच अंगातला बलक खाऊन संपवतात, मग उरतं नुसतं टरफल. सन कोरल ठेवणार असाल तर प्रत्येक तोंडाला वेगळा घास द्यायची तयारी हवी. त्याच्यात शैवालच नसतं, दिव्यावर तो जगत नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी पंप सुरू. आणि फॉस्फेटवर डोळा ठेवा. ते फार चढलं की सांगाडा भरणं मंदावतं. पण शून्यावर आणून वर अल्क (पाण्याची अल्कलिनिटी, डीकेएचमध्ये) ११ ठेवलात तर फांद्यांची टोकं जळतात. आम्ही अल्क ८ ते साडेआठमध्ये ठेवतो आणि दिवसाला अर्ध्याहून जास्त हलू देत नाही. आकडा कुठला ठेवता यापेक्षा तो स्थिर ठेवता का, याला महत्त्व आहे.

आमची ओळख झाली ती अबोलीमुळे. अ‍ॅक्रोपोरा मिलेपोरा जातीची एक कॉलनी, म्हणजे वाढलेलं अख्खं झुडूप, अंगाला अगदी गजऱ्यातल्या अबोलीचा रंग, पॉलिप हिरवट. नाव बायकोने ठेवलं. २०१० मध्ये तिचा पहिला फ्रॅग नेला तो पर्थ अ‍ॅम्बॉयच्या एका पोस्टमननी. मूळचे पोर्टो रिकोचे, लहानपणी तिथल्या समुद्रात पोहताना प्रवाळ पाहिलेले. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो आणि आमच्या मुलांमुळे तेही स्वतःला काकाच म्हणवून घेतात. त्यांनी भावात कधी घासाघीस केली नाही, पण फ्रॅग हातात घेऊन भिंगाने बुडाशी बघायचे. चपट्या कृमींची अंडी बुडाशीच असतात आणि डिपने, म्हणजे औषधाच्या पाण्यात बुडवून, ती मरत नाहीत, खरवडूनच काढावी लागतात. हे मला काकांनी शिकवलं, मी त्यांना नाही.

मग आलं सँडी चक्रीवादळ. २९ ऑक्टोबर २०१२, सोमवार. रात्री आठच्या सुमारास वादळ ब्रिगँटाइनपाशी किनाऱ्याला लागलं आणि अर्ध्या तासात आमची वीज गेली. वीज गेली की सगळे तापमानाची काळजी करतात. पण पहिला मारतो तो प्राणवायू. पाणी हललं नाही तर काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. बॅटरीवरचे चार एअर पंप होते, ते लावले. दोन दिवस मी आणि बायको आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून ओतत होतो. गॅसचा गीझर विजेशिवाय चालायचा, म्हणून दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये गरम पाणी भरून टाकीत तरंगत सोडायचो. तरी ७८ अंश फॅरनहाइटवरचं पाणी बुधवारी रात्री ६६ वर आलं.

गुरुवारी आम्ही एक निर्णय घेतला, आणि तो आजही सलतो. आमच्याकडून घाऊक माल घेणारा, आमच्याहून कितीतरी मोठा एक विक्रेता होता. त्याच्याकडे सगळ्या दुकानाला पुरेल एवढा जनरेटर. त्याला फोन केला. तो म्हणाला, "घेऊन ये, आपलंच समज." थर्माकोलच्या खोक्यांत तीन मदर कॉलन्या, म्हणजे ज्यांच्यापासून फ्रॅग कापतो त्या मूळ कॉलन्या, नेऊन दिल्या, त्यात नारळाएवढी अबोली होती. पावती घेतली नाही, फोटो काढले नाहीत. त्या वेळी ते सुचलंही नाही.

शनिवारपासून पेट्रोलला सम-विषम सुरू झालं. काकांची वीज शुक्रवारीच आली होती, ते शनिवारी आपला छोटा जनरेटर गाडीत टाकून घेऊन आले आणि आमच्या गाडीच्या नंबरप्लेटचा दिवस नव्हता म्हणून स्वतःच्या गाडीने रांगेत उभे राहून दोन कॅन पेट्रोलही आणून दिलं. तोपर्यंत अ‍ॅक्रोपोराच्या शंभरावर कॉलन्या गेल्या होत्या. प्रवाळ मेला की कातडी ओल्या कागदासारखी सुटून पाण्यात तरंगते आणि त्याचा वास घरभर पसरतो. बायको ते गाळणीने काढत होती आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. वीज ६ नोव्हेंबरच्या रात्री आली. दुसऱ्या दिवशी बर्फ पडला.

११ तारखेला, रविवारी, कॉलन्या आणायला गेलो. अबोली जिवंत होती, पण लहान झालेली. "वाहतुकीत तुटली असेल," तो म्हणाला. घरी आणून दिव्याखाली धरली आणि मोजलं. सतरा छेद. फांदी पडून तुटली तर कड वेडीवाकडी, कपचे उडालेली असते. कटरने कापलेली फांदी दोन्ही बाजूंनी किंचित चेपलेली असते आणि मधोमध बारीक कंगोरा राहतो. सतराच्या सतरा तशा होत्या. शिवाय कडेने कातडी चढायला सुरुवात झालेली, म्हणजे छेद आठवड्याहून जुने. आम्ही पाठ फिरवली त्याच्या एक-दोन दिवसांत कापले होते. आमच्या बेसमेंटमध्ये मढी निघत होती तेव्हा.

त्या कॉलनीने तग धरला नाही. डिसेंबरात बुडापासून पांढरी होत गेली आणि बारा दिवसांत संपली. काकांना कळलं तसे ते आपल्या टाकीतली अबोली, २०१० च्या त्या एका इंचाची झालेली कॉलनी, बादलीत घालून घेऊन आले आणि आमच्या टेबलावर तिचे दोन भाग केले. पैसे विचारले तर रागावले.

पुढच्या वसंतात त्या विक्रेत्याने एक झगमगीत इंग्रजी नाव देऊन आमचीच अबोली बाजारात आणली. इंचाला १२० डॉलर. आम्ही ३० ला देत होतो. एका फ्रॅग स्वॅपमध्ये, म्हणजे फ्रॅगच्या खरेदी-विक्रीच्या मेळाव्यात, आमच्या टेबलापाशी येऊन एकाने मलाच विचारलं, "ही त्यांची नक्कल का?" त्या प्रश्नाने मला जेवढं लागलं तेवढं सँडीनेही लागलं नव्हतं. काका शेजारी होते. काही न बोलता बाहेर गेले, घरी जाऊन तासाभराने परतले. हातात आपली कॉलनी, आणि टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली पावती. बायकोच्या अक्षरात, वर देवनागरीत "अबोली, १ इंच", खाली इंग्रजीत तेच, २५ डॉलर, तारीख जुलै २०१०. संध्याकाळपर्यंत ती पावती आमच्या टेबलावर होती. तो विक्रेता दोनदा समोरून गेला, थांबला नाही. माफी आजतागायत मागितलेली नाही आणि ते नाव अजून त्याच्या यादीत आहे.

म्हणून सांगतो, मदर कॉलनी कुणाकडेही ठेवाल, सख्ख्या भावाकडे जरी, शेजारी पट्टी धरून चारही बाजूंनी फोटो काढा आणि सही घ्या. आणि प्रत्येक चांगल्या जातीचा एक फ्रॅग दुसऱ्याच्या टाकीत असूच द्या. आमचा वंश त्यामुळेच वाचला.

नंतरची वर्षं धंद्याची गेली. जनरेटर घेतला, मेटल हॅलाइडचे दिवे जाऊन एलईडी आले. २०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवल्यावर टॉर्च प्रवाळाचे भाव चढले, आमची पैदास घरचीच असल्याने आम्हाला झळ लागली नाही. पुण्या-मुंबईहून फोन येतात, "दादा, आमच्याकडे पाठवा ना." नाही पाठवत. आपल्याकडे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. घरी हौस करायची तर मासे ठेवा, आणि प्रवाळ बघायचे तर मालवणला पाण्यात उतरून बघा, हात न लावता.

काकांनी आता आपली टाकी बंद केली आहे, गुडघे बादल्या उचलू देत नाहीत. त्यांची कॉलनी आमच्या दुसऱ्या टाकीत मधोमध आहे. गुरुवारी संध्याकाळी ते येतात, जिन्याखालच्या उलट्या बादलीवर बसतात, मी पंप बंद करतो आणि बेस्टर त्यांच्या हातात देतो. या शनिवारी अबोलीच्या बारा फांद्या कापायच्या आहेत. दहांचं बुकिंग झालंय. दोन काकांच्या नातीच्या नव्या टाकीत जाणार, आणि त्यांची पावती बायकोने कालच लिहून ठेवली आहे.