तिरका चोक

चोक म्हटलं की बहुतेकांना ट्यूबलाइटचा चोक आठवतो. पट्टीच्या आत दडलेला, हातात घेतला की ‘एवढासा, पण केवढा जड!’ म्हणायला लावणारा. ट्यूब लागली नाही की पहिला संशय स्टार्टरवर, दुसरा याच्यावर. माझीही त्याच्याशी ओळख एवढीच होती. मग घरच्या घरी व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं खूळ डोक्यात शिरलं.

पहिल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटमध्ये दोन कंडेन्सरच्या मधे वेटोळ्यांचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं १० हेन्री. म्हणजे चोक, लोखंडावर गुंडाळलेली तार; हेन्री हे त्याचं माप. त्या जागी मी १५० ओहमचा रेझिस्टर ठोकून दिला. बोटाएवढा, स्वस्त, कुठेही मावणारा. लोखंडाचा ठोकळा कोण मिरवणार? गाणं लागलं, धन्य वाटलं. गाणं थांबलं आणि मागे घुंऽऽ राहिलं, गवई उठून गेल्यावरही तंबोरा चालूच असावा तसं. पाहुण्याने विचारलं, “फ्रिजचा आवाज का हो?” मी हो म्हणून टाकलं.

हे घुं येतं मेन्समधून. ५० हर्ट्झची वीज तिला एका दिशेची, म्हणजे डीसी, करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की तिच्या खालच्या लाटाही वर उलटतात आणि डीसीवर सेकंदाला १०० वेळा थरथर उरते. रेझिस्टरला त्यातलं काही कळत नाही. डीसी असो की थरथर, दोघांनाही १५० ओहम. चोक मात्र माणूस पाहून दार उघडतो. सरळ डीसीला अडथळा फक्त तांब्याच्या तारेचा, समजा तेवढाच दीडशे ओहम. पण १०० हर्ट्झची थरथर आली की १० हेन्रीचा तोच चोक सहा हजारांहून जास्त ओहमांचा होऊन आडवा येतो. पुढे ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल तर रेझिस्टर थरथर साडेचार पटींनी कमी करतो, चोक १८० पटींहून जास्त.

मग सहा हजार ओहमांचा रेझिस्टरच लावला तर? कागदावर मांडून पाहिलं. ८० मिलीअँपिअरला त्याच्यावरच ५०० व्होल्ट खर्ची पडतात आणि ४० वॉट उष्णता निघते. डब्यात एक सोल्डरिंग आयर्न कायम तापत ठेवल्यासारखं. चोक हेच काम १२ व्होल्ट आणि एका वॉटमध्ये उरकतो. ट्यूबलाइटमध्ये रेझिस्टर न लावता चोक का लावतात, तेही त्या दिवशी कळलं. ट्यूब पेटली म्हणायची.

जुन्या रेडिओवाल्यांनी तर यावर कडी केली होती. तेव्हाच्या बऱ्याच स्पीकरमध्ये कायमचा लोहचुंबक नसे, विजेवर चालणारी कॉइल असे. तीच कॉइल ते चोक म्हणून वापरत. एकाच तारेत चुंबकही झाला आणि घुंही गेलं! असा हिशेबीपणा पाहिला की मला फार बरं वाटतं.

एक जळका चोक मी उघडून पाहिला. ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आकाराचे पत्रे उलटसुलट गुंफलेले असतात. इथे सगळे ‘ई’ एकीकडे, सगळे ‘आय’ दुसरीकडे आणि मधे चक्क कागदाची पट्टी. ती नसती तर सतत वाहणाऱ्या डीसीने लोखंड चुंबकत्वाने तुडुंब झालं असतं आणि ते १० हेन्री कागदावरच राहिले असते.

काही मंडळी व्हॉल्व्हच्या प्लेटलाही, म्हणजे जिथून वाढलेला सिग्नल बाहेर पडतो त्या टोकालाही, रेझिस्टरऐवजी चोक लावतात. प्लेटला जवळजवळ सगळा व्होल्टेज मिळतो, हे खरं. पण खर्ज टिकवायला हेन्री भरपूर हवेत, म्हणजे वेढे भरपूर, आणि वेढे वाढले की ते आपसांतच कंडेन्सर होऊन बसतात आणि तार सप्तकातली चमक खातात. माझ्या मते सप्लायमधला चोक ही गरज, प्लेटवरचा चोक ही हौस. हौसेला मोल नसतं, पण मी त्या वाटेला गेलो नाही.

शेवटी मीही चोक आणला. चॅसिसवर, म्हणजे सगळं ज्यावर बसतं त्या पत्र्यावर, चार भोकं पाडून स्पीकरला जोडणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरशेजारी नीट ओळीत बसवला. घुं पुष्कळ गेलं, पण सगळं नाही. चोकमधून सांडणारं चुंबकीय क्षेत्र शेजारच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरत होतं. मग मेन्स बंद केला, कंडेन्सर रिकामे केले आणि दोघांच्याही तारा सोडवल्या. चोकला वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचे ६.३ व्होल्ट दिले, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरकडच्या टोकांना हेडफोन लावला, आणि चोक हाताने हळूहळू फिरवत बसलो. कानात घुं वाढे, उतरे. एका कोनाला ते जवळजवळ नाहीसंच झालं. तिथे पेन्सिलीने खूण केली आणि नवी भोकं पाडली.

आता चॅसिसवर सगळे शिस्तीत उभे आहेत आणि तो एकटा कलता. बघायला येणाऱ्याचा हात हमखास तिकडे जातो.

“अहो, हे जरा वाकडं बसलंय.”

“असू द्या, असू द्या. तिरकाच आहे तो.”