बाराव्या गाडीचं रबर

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आलो तो बारा बैलगाड्या घेऊनच. लॅपटॉपमधल्या. एकीमागे एक बांधलेल्या, सगळ्यांच्या पुढे भगत.

खानदेशाबाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे आखाजीला, मरीमातेच्या नाहीतर खंडेरायाच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बैल सोडून दिलेल्या बारा गाड्या एकमेकींना बांधतात, त्यांवर पोरंसोरं, म्हातारेकोतारे मावतील तितके चढतात आणि एकटा भगत त्या ओढत नेतो. त्याला दोन्ही अंगांनी धरून चालणारे दोघं असतात, ते बगले. लहानपणी मी सातव्या का आठव्या गाडीवर बसायचो. तिथून भगत दिसत नसे. गाडी हलली की कळायचं, चाललं.

याचा एक छोटा गेम करावा असं डोक्यात आलं. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, युनिटी. गुरुत्वाकर्षणाच्या रकान्यात उणे 9.81 आधीच भरलेलं असतं. (इथे भास्कराचार्यांचं नाव घेऊन छाती फुगवायचा मोह होतो. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख आहेच. पण मला ओढायच्या होत्या गाड्या, आणि तो आकडा मी हात न लावता सोडला.) गाडीला चारशे किलो दिले, भगताला सत्तर. गाड्या सांध्यांनी जोडल्या, प्ले दाबलं.

भगत निघाला. पहिली गाडी निघाली. मधल्या थरथरायला लागल्या, आणि त्यांच्यातलं अंतर रबर ताणावं तसं वाढत गेलं. बारावी जागच्या जागी डुलत होती. मग ते रबर एकदम आकसलं आणि ती अकराव्या गाडीच्या डोक्यावर जाऊन बसली. वर माणसं बसवली नव्हती हे नशीब.

पहिली चूक तर निव्वळ माझी. चाकासाठी इंजिनातला तयार सिलिंडर घेतला होता. दिसतो तो चाकासारखा, पण धडकेच्या हिशोबासाठी त्याला मिळतो कॅप्सूलचा आकार, दोन्ही टोकांना गोल. म्हणजे माझी गाडी धावेवर चालतच नव्हती, कॅप्सूलच्या गोळ्यांवर घरंगळत होती. डोळ्यांना दिसतं ते एक आणि हिशोबात धरलं जातं ते दुसरं, हे मला शोधायला एक अख्खी दुपार लागली.

ते निस्तरलं तरी रबर होतंच. मग फिजिक्सचं पान उघडलं. ही पानं मला तलाठ्याच्या दप्तरासारखी वाटतात. सगळं लिहिलेलं असतं, फक्त आपल्याला हवं ते कुठल्या रकान्यात आहे ते कळत नाही. तर भानगड अशी. इंजिन हिशोब सलग करत नाही, ठोक्याठोक्याने करतं. दर 0.02 सेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला 50 ठोके. प्रत्येक ठोक्याला ते सगळ्या सांध्यांवरून फेऱ्या मारतं: हा सांधा ताणलाय, ओढ जवळ, तो ओढताना पुढचा बिघडला, आता त्याच्याकडे बघ. अशा फेऱ्या ठरलेल्या 6. एखाद्या दाराच्या बिजागरीला सहा भरपूर होतात. पण बारा गाड्यांची माळ, आणि तीही एका हलक्या माणसामागे? इथे सहा फेऱ्यांत निस्तरणं शेपटापर्यंत पोचतच नाही. हलक्याला जडाशी जोडलं की हिशोब आणखी डगमगतो. उरलेली चूक दिसते ती रबर होऊन.

फेऱ्या 6 च्या 40 केल्या. ठोका 0.02 चा 0.01 केला. लॅपटॉपचा पंखा एवढा घोंगावायला लागला की आतून आईने विचारलं, कूलर बिघडला का. बाहेर ऊन असं की ओट्यावरची फरशी पायाला लागू देत नव्हती. गाड्या आता ताणत नव्हत्या. पण हलतही नव्हत्या.

आप्पा सुपारी कातरत मागे येऊन उभे होते.

“कितलं वजन धरेल शे?”

“एका गाडीचं चारशे.”

“आन् भगतनं?”

“सत्तर.”

आप्पा जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले. “येडा. तुना भगत बठ्ठ्या गाड्या एकदमच वढी राहिना. दोर ढिला ठेव. पयले एक हालू दे, मंग दुसरी.”

आप्पांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही, पण आसाला वंगण घालण्यात त्यांच्या कितीतरी आखाज्या गेल्यात. मी प्रत्येक सांध्याला वीतभर सैल सोडलं. आता भगताला एका वेळी एकच गाडी जागची उठवायची होती, आणि उठलेली गाडी पुढच्या झटक्याला त्याच्या मदतीला होती. पहिली हलली, खट् करून दुसरी, खट् करून तिसरी. सातवीपर्यंत. मग भगत थांबला.

इथे मी लबाडी केली. भगताचं वजन सत्तरचं नऊशे केलं. दिसायला तोच, कमरेत वाकलेला, हिशोबात मात्र दोन गाड्यांहून जड. बाराच्या बारा गाड्या मारुतीच्या पारापर्यंत गेल्या. आप्पांना सांगितलं नाही. गावातही कोणी कोणाला विचारत नाही की चढावर शेवटच्या गाडीला मागून किती हात लागतात.

“बगला कोठे शेतस?” आप्पांनी विचारलं.

खरंच की. दोन माणसं आणली, पासष्ट-पासष्ट किलोची, आणि भगताच्या काखेत खांदा देऊन अगदी चिकटून उभी केली. प्ले दाबलं. पापणी लवायच्या आत दोघेही दोन बाजूंना कडुनिंबाच्या शेंड्यावरून गेले. बगल्यांचे बगळे झाले. आप्पा हसता हसता खोकायला लागले, आई पाणी घेऊन धावली.

कारण कळायला वेळ लागला नाही. त्यांचे खांदे भगताच्या अंगात थोडे घुसलेले होते. दोन वस्तू एकमेकींत घुसल्या तर इंजिन त्यांना फोडून वेगळं करतं आणि धक्का हलक्याच्या वाट्याला जास्त येतो. मी चोरून दिलेले नऊशे किलो असे बाहेर पडले.

कोणी कोणाला धडकायचं याचा एक तक्ता असतो, नुसत्या चौकटी आणि खुणा. त्यातली भगत आणि बगले यांच्यामधली खूण मी काढून टाकली. आता तिघं चालतात, एकमेकांच्या अंगातून आरपार, आणि मागून खट्, खट्, खट्.